सूर थांबवायला शिकताना

बेस गिटारकडे माझे लक्ष गेले ते तिचा आवाज बंद केल्यावर. तोवर मी नेहमीची गिटार वाजवत असे. आमच्या एका गाण्याचे मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याचे काम, चालू असताना ध्वनिमुद्रकाने एकेका वाद्याचा आवाज बंद करून उरलेले गाणे कसे ऐकू येते ते दाखवायला सुरुवात केली. माझी गिटार बंद झाली तेव्हा गाणे थोडे मोकळे वाटले, कीबोर्ड बंद झाला तेव्हा थोडे कोरडे वाटले. पण बेस बंद होताच ड्रम एकीकडे आणि बाकीची वाद्ये दुसरीकडे, अशी गाण्याची सरळ दोन शकले झाली. गिटारच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) त्याच होत्या, गायिकेचा सूर तोच होता, लय तसूभरही हलली नव्हती, आणि तरीही कोणाचा कोणाशी काही संबंध उरला नव्हता. विशेष म्हणजे त्या वादकाने गाण्यात फारसे काही वाजवलेही नव्हते. कडव्यात तर एका आवर्तनाला दोन-तीनच सूर होते. इतक्या थोड्या सुरांनी एवढे काम कसे होते, हा प्रश्न घेऊन मी बेस शिकायला लागले. त्याचे बरेचसे उत्तर ते सूर कुठे थांबतात यात दडलेले आहे, हे उमगायला मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

गिटार येणाऱ्याला बेस पहिल्या दिवशी ओळखीचा वाटतो. त्याच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच ई, ए, डी, जी या सुरांत मिळवलेल्या असतात, फक्त एक सप्तक खाली. त्यामुळे कोणता सूर कुठे आहे हे आधीच ठाऊक असते, आणि आपल्याला निम्मे वाद्य येतेच असे वाटू लागते. हात मात्र लगेच वेगळे सांगतो. प्रचलित बेस गिटारवर तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच असते, गिटारवर ती साधारण २५ इंच. गळ्याच्या टोकाकडे पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर बेसवर जवळजवळ १३ सेंटिमीटर भरते, आणि तेवढ्या अंतरात चार बोटे ताणून धरली की दोन-तीन मिनिटांत तळहात दुखायला लागतो. तारा जाड असतात, त्यांचा ताण जास्त असतो, आणि एकदा छेडलेली तार थांबायचे नाव घेत नाही. या शेवटच्या गोष्टीकडे सुरुवातीला कोणाचेच फारसे लक्ष जात नाही, कारण सूर काढण्यातच सगळी शक्ती खर्च होत असते.

वाद्य निवडताना मी त्याचा इतिहास थोडा वाचला आणि त्याचा उपयोग झाला. अमेरिकेतले वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा खर्जाचे काम डबल बेस करत असे. ते उंच, अवजड आणि मोठ्या वाद्यमेळात ऐकू न जाणारे वाद्य होते. आडव्या धरता येणाऱ्या विजेच्या वाद्यावर फ्रेट बसवल्यामुळे सूर नेमका लागू लागला आणि प्रिसिजन, म्हणजे अचूकपणा, हे नावही त्यावरूनच पडले. १९६० मध्ये फेंडर कंपनीचाच जाझ बेस आला, ज्याचा गळा वरच्या टोकाला अधिक अरुंद होता. आजही दुकानात दिसणारी बहुतेक वाद्ये या दोहोंपैकी एकाच्या वळणावर जातात. माझा पंजा लहान असल्याने ३० इंच लांबीचे आखूड वाद्य घ्यावे असे अनेकांनी सुचवले. तो सल्ला चुकीचा नव्हता, आखूड बेसवर उत्तम वाजवणारे वादक पुष्कळ आहेत. पण ३४ इंची वाद्यावर सर्वांत खालच्या तारेला जो ताठपणा आणि स्पष्टपणा येतो तो मला हवा होता, म्हणून मी त्याच लांबीचे, अरुंद गळ्याचे वाद्य घेतले. नवशिक्याला माझे सांगणे इतकेच आहे की वाद्य घेतल्यावर ते जाणकाराकडून एकदा नीट बसवून घ्यावे. गळ्याचा बाक आणि तारांची उंची बिघडलेली असेल तर बोटे दाबून दाबून थकतात आणि शिकणारा उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

आवाज ऐकण्याच्या सोयीकडेही दुर्लक्ष करू नये. बेसच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. फोनच्या छोट्या स्पीकरमधून ती बाहेर पडतच नाही. आपला कान वरच्या अनुनादी स्वरांवरून मूळ सुराचा अंदाज बांधून घेतो. अशा स्पीकरवर सूर कुठला ते कळते, पण तो किती वेळ टिकला आणि कसा संपला हे कळत नाही. चांगल्या हेडफोनवर सराव करू लागल्यावर माझ्याच वाजवण्यातील कितीतरी गोष्टी मला प्रथमच ऐकू आल्या.

उजव्या हाताची शिस्त बसायला सर्वांत जास्त वेळ लागला. मी पिक (तार छेडायची छोटी चकती) न घेता तर्जनी आणि मधल्या बोटाने वाजवायचे ठरवले होते. दोन्ही बोटांनी आळीपाळीने तार छेडायची, छेडून झाल्यावर बोट हवेत न उचलता शेजारच्या खालच्या सुराच्या तारेवर टेकवायचे, आणि वरून खालच्या सुराच्या तारेवर उतरताना मात्र त्याच बोटाने घसरत जायचे, एवढाच नियम. कागदावर दोन ओळींचा हा नियम हाताच्या अंगवळणी पडेपर्यंत बोटांच्या टोकांना फोड आले, ते बसले, पुन्हा आले आणि शेवटी घट्टे पडले. दोन बोटांची लांबी सारखी नसते, त्यामुळे त्यांचा आवाजही सारखा येत नाही. मधले बोट थोडे जड वाजते, तर्जनी थोडी टोकदार. हा फरक मिटवण्यासाठी मी एकाच सुरावर, अतिशय हळू, डोळे मिटून वाजवत असे आणि कोणते बोट वाजले हे ऐकून ओळखता येते का ते पाहत असे. ओळखता आले नाही की लय थोडी वाढवायची. याच काळात आणखी एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे तार जोरात ओढायची नाही. जोर हवा असेल तर अॅम्प्लिफायरचा आवाज वाढवावा आणि बोट हलके ठेवावे. हलक्या हाताला सुराची जात बदलायला वाव राहतो. सतत पूर्ण ताकदीने ओढणाऱ्या हाताकडे ठळक करण्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. मनगटही तितकेच सांभाळावे लागते. ते काटकोनात वळवून तासन्‌तास वाजवले की दुखणे मागे लागते, म्हणून कोपर थोडे मागे घेऊन मनगट जवळजवळ सरळ ठेवण्याची सवय मी जाणीवपूर्वक लावून घेतली.

डाव्या हातासाठी डबल बेसवाल्यांची जुनी पद्धत कामी आली. गळ्याच्या टोकाकडच्या फ्रेटवर चार फ्रेटना चार बोटे न वापरता तीन फ्रेटमध्ये तर्जनी, मधले बोट आणि करंगळी वापरायची, अनामिकेने करंगळीला आधार द्यायचा, आणि पुढच्या सुरासाठी बोट न ताणता हातच सरकवायचा. सातव्या फ्रेटच्या पुढे अंतर कमी होत जाते, तिथे एकेका फ्रेटला एकेक बोट सहज पुरते. हे कळल्यावर तळहाताचे दुखणे थांबले.

इथपर्यंत आल्यावर मला बऱ्यापैकी सूर वाजवता येऊ लागले होते. सोप्या गाण्यांच्या ओळी पाठ होत्या, हातही सफाईने फिरत होता. पण ध्वनिमुद्रित करून ऐकले की सगळे गढूळ वाटे. सूर बरोबर, लय बरोबर, आणि तरीही गढूळ. कारण शोधताना मी इतर सगळे बाजूला ठेवून फक्त ‘जी’ सुराची तार छेडली आणि कान वाद्याच्या अंगाला लावला. ही ‘जी’ तार मी बोटाने थांबवली, तरी ई आणि ए या दोन्ही तारा मागे घुमतच होत्या. त्यांना मी हातही लावला नव्हता. जी तारेच्या कंपनांनीच त्या जाग्या झाल्या होत्या. गाणे वाजवताना दर सुरामागे असा एखादा न मागितलेला सूर साचत जातो, आणि बेसचा गढूळपणा बहुतांशी याच साचण्यामुळे येतो.

त्यावरचा उपाय दोन्ही हातांनी मिळून करावा लागतो. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांची कंपने टिपणाऱ्या त्यांच्याखालच्या भागावर) कायमचा टेकवून ठेवण्याऐवजी तो बोटांबरोबर सरकवायचा. डी तार वाजवताना बोट छेडून ए तारेवर टेकते आणि अंगठा ई तारेवर असतो, म्हणजे दोन्ही खालच्या तारा आपोआप गप्प राहतात. जी तार वाजवताना बोट डी तारेवर टेकते, आणि अंगठा थोडा आडवा करून ई व ए या दोन्हींवर एकदम ठेवावा लागतो. वरच्या सुराच्या तारांचा बंदोबस्त डाव्या हाताने करायचा: ज्या बोटाने सूर दाबला आहे त्याचीच खालची बाजू शेजारच्या तारेला अलगद लागू द्यायची. अंगठा असा फिरता ठेवायला लागल्यापासून पहिले काही आठवडे माझा वेग पार मंदावला, कारण प्रत्येक तार बदलताना हाताला नव्याने विचार करावा लागे. पण ध्वनिमुद्रणात सुरांच्या मधली जागा प्रथमच कोरी ऐकू येऊ लागली.

वाजत असलेला सूर थांबवणे हा त्याहून नाजूक भाग आहे. फ्रेटवर दाबलेले बोट झटकन उचलले तर मोकळी तार वाजून उठते. म्हणून बोट उचलायचे नाही, फक्त दाब काढायचा आणि तारेशी स्पर्श कायम ठेवायचा. त्यातही मेख आहे. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट तारेला हलके टेकलेले राहिले तर सूर बंद होण्याऐवजी घंटेसारखा बारीक अनुनादी स्वर निघतो. तो टाळायचा तर दाब काढताना मागचे किंवा पुढचे आणखी एक बोट तारेवर सपाट ठेवावे लागते. दोन ठिकाणी स्पर्श झाला की तार निमूटपणे थांबते. मोकळ्या तारेचा सूर थांबवताना डाव्या हाताची दोन-तीन बोटे तारेवर आडवी ठेवायची, किंवा उजव्या हाताचे पुढचे बोट वेळेआधीच तारेवर टेकवायचे. या दोन प्रकारांनी थांबवलेला सूर कानाला सारखा लागत नाही. डाव्या हाताने दाब काढून थांबवलेल्या सुराची कड गोल असते, उजव्या बोटाने अडवलेल्या सुराची कड धारदार असते. कुठे कोणती कड हवी हे गाणे ठरवते.

मग मी सुराच्या लांबीचा स्वतंत्र सराव सुरू केला आणि तो आजही सोडलेला नाही. मेट्रोनोम (लयीसाठी ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा, म्हणजे एक मात्रा बरोबर एक सेकंदाची होते. चार मात्रांच्या आवर्तनात फक्त पहिल्या मात्रेवर एक सूर वाजवायचा आणि तो दुसऱ्या ठोक्याच्या अगदी मुखावर थांबवायचा. तो ठोका स्वच्छ, एकटा ऐकू आला पाहिजे. हे जमले की सूर तिसऱ्या ठोक्यापर्यंत धरायचा, मग चौथ्यापर्यंत, मग पूर्ण आवर्तनभर. त्यानंतर उलट्या दिशेने: पाऊण मात्रा, अर्धी मात्रा, पाव मात्रा. ऐकायला हे कंटाळवाणे वाटेल, पण संगणकावर मुद्रित करून सुराच्या लहरीचे चित्र मोठे करून पाहिले की यातील गंमत कळते. माझ्या सुरांच्या सुरुवाती एकाखाली एक रेषेत होत्या, शेवट मात्र वाटेल तिथे विखुरलेले होते, कुठे ठोक्याच्या आधी, कुठे ठोका ओलांडून. सुरुवातीला मिळणारे सगळे शिक्षण सूर कधी सुरू करायचा याचे असते. शेवटासाठीही तितकीच अचूकता लागते, आणि ती शिकवणारे सरावपाठ फार थोडे आढळतात.

लयीचा सराव करताना मेट्रोनोमचे ठोके हळूहळू कमी करत नेण्याची युक्तीही मला फार उपयोगी पडली. आधी चारही मात्रांवर ठोका, मग फक्त दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर, मग आवर्तनाला एकच, आणि पुढे तो एक ठोकाही समेवर न ठेवता चौथ्या मात्रेवर मानायचा. ठोके जितके विरळ होतात तितकी लय स्वतःच्या अंगात धरावी लागते.

एवढी तयारी घेऊन मी एका ड्रमवादकाबरोबर वाजवायला बसले. तो वयाने माझ्याच बरोबरीचा, पण अनुभवाने पुष्कळ पुढचा होता. मी वाचले होते की बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांनी एकत्र चालावे, म्हणून मी त्याच्या किकच्या प्रत्येक ठोक्यावर इमानेइतबारे सूर देत होते. दोन-तीन गाणी झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “किक तू बरोबर पकडतेस. आता स्नेअर ऐक. स्नेअर वाजतो तेव्हा तुझा मागचा सूर अजून चालूच असतो. मला तिथे जागा दे.” स्नेअर म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम. मी तीच ओळ पुन्हा वाजवली, एकही सूर बदलला नाही, फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर पडण्याच्या क्षणी सूर थांबवला. स्नेअरचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. त्याने हात जराही जड केला नव्हता. आधी खर्जाच्या घुमण्याखाली जे दबत होते ते उघडे पडले होते. गाणे चालायला लागले, आणि मिक्सिंगच्या वेळी पडलेल्या प्रश्नाचा मला पहिला ठोस धागा मिळाला.

त्यानंतर आम्ही दोघेच, बाकी कोणी नसताना, पुष्कळ वाजवले. त्यातून हेही कळले की किकच्या प्रत्येक ठोक्यावर सूर दिलाच पाहिजे असे नाही. काही वेळा किकने एकट्याने बोलावे आणि बेसने पुढच्या अर्ध्या मात्रेवर उत्तर द्यावे, हे जास्त शोभते. संथ गाण्यात सूर स्नेअरवर तोडला तर गाणे तुटक होते. तिथे तो स्नेअरच्या पलीकडे नेऊन पुढच्या कॉर्डला जोडायचा असतो. जलद नृत्यगीतात उलट, सूर जितका आखूड तितके पाय हलतात. ड्रमवादकाच्या उजव्या पायाकडे आणि डाव्या हाताकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याची सवय लागली की या निवडी करायला फार विचार करावा लागत नाही. मला वाटते, एका चांगल्या ड्रमवादकाबरोबर घालवलेल्या दुपारी एकट्याने केलेल्या महिन्यांच्या सरावाची बरोबरी करतात.

स्वरांच्या निवडीबद्दल मला तुलनेने कमी झगडावे लागले, कारण कॉर्डची ओळख गिटारमुळे होतीच. तरीही एक गोष्ट बेसवर आल्यावरच खऱ्या अर्थाने कळली. ए, सी, ई, जी हे चार स्वर गिटारवादकाने एकत्र वाजवले आणि बेसने खाली ए दिला, तर ती ए मायनर सेव्हन कॉर्ड होते. तेच चार स्वर तसेच ठेवून बेसने सी दिला, तर कानाला सी सिक्स्थ ऐकू येते. वर कोणीही काहीही बदललेले नसते, आणि गाण्याचा भाव उदासीकडून मोकळेपणाकडे झुकलेला असतो. एवढी सत्ता हातात असल्यावर ती जपून वापरावी लागते. आधी मूळ स्वर, मग पंचम, मग वरचे सप्तक, एवढ्यावर मी बराच काळ समाधान मानले. खर्जात तिसरा स्वर मूळ स्वराबरोबर एकाच वेळी वाजवला तर तो घोगरा, अस्पष्ट ऐकू येतो. तोच एक सप्तक वर नेला की स्वच्छ उमटतो. पुढची कॉर्ड येण्याआधी तिच्या मूळ स्वराला अर्ध्या स्वराने खालून किंवा वरून जाऊन भिडण्याची सवय पुढे लागली, आणि ओळी पायऱ्यांसारख्या न वाटता चालत्या वाटू लागल्या.

ऐकणे हा या सगळ्याचा अर्धा भाग आहे. मी जुन्या ध्वनिमुद्रणांतील बेसच्या ओळी एकेक करून हाताने उतरवून घेतल्या. गती निम्मी करून आणि आवाज एक सप्तक वर नेऊन ऐकले की खर्जात हरवलेले बारकावे स्पष्ट होतात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत. त्या बोटाला ‘द हुक’ म्हणत. त्यांच्या वाद्यावर गुळगुळीत वेटोळ्याच्या जुन्या तारा असत, त्या बदलायला ते तयार नसत, आणि ब्रिजच्या (तारा जिथे वाद्याला अडकवलेल्या असतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोमची पट्टी असे. ही माहिती मी आधी केवळ कुतूहल म्हणून वाचली होती. त्यांच्या ओळी उतरवताना तिचा अर्थ लागला: जुन्या तारा आणि फोम यांमुळे सूर लवकर विझतो, म्हणूनच इतके दाट, इतके नागमोडी वाजवूनही गायकाच्या वाटेत काही येत नाही. कॅरल के या मूळच्या गिटारवादक. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे त्या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमधील अत्यंत मागणी असलेल्या बेसवादक झाल्या. त्या पिकने वाजवत आणि ब्रिजपाशी तारांवर फेल्टचा तुकडा ठेवत. दोन अगदी वेगळे हात, दोन वेगळी तंत्रे, आणि सुराची लांबी आवरण्याची दोघांचीही तीच काळजी.

अंगठ्याने तार ठोकण्याचे आणि बोटाने उपटण्याचे तंत्र, ज्याला स्लॅप म्हणतात, त्याचे श्रेय बेसवादक लॅरी ग्रॅहम यांना दिले जाते. ते आपल्या आईबरोबर वाजवत असताना त्यांच्याकडे ड्रमवादक उरला नव्हता, म्हणून त्यांनी किकच्या जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअरच्या जागी बोटाचा उपट वापरायला सुरुवात केली. मला स्लॅप फारसे जमत नाही आणि त्याची मला ओढही कमी आहे, पण या तंत्राचा उगम कळल्यावर मी ते निराळ्या कानांनी ऐकू लागले. त्यातील पुष्कळ आघातांना स्वर नसतोच. ते केवळ दाबलेल्या तारेचे टकटकणे असते. बेसवादक जॅको पास्टोरियस यांच्या फ्रेटविरहित बेसवरील गाणाऱ्या, मिंडेच्या सुरांचीच चर्चा जास्त होते. त्यांच्या जलद ओळींमध्येही असे दाबलेले, नुसत्या आघाताचे सूर ठासून भरलेले आहेत, आणि त्यांच्यामुळेच त्या ओळी धावत असूनही घसरत नाहीत.

लोकांसमोर वाजवायला लागल्यावर आणखी एका गोष्टीने मला बराच काळ गुंतवून ठेवले. घरी सुंदर वाटणारा आवाज समूहात पार नाहीसा होई. घरी मी खर्ज भरपूर वाढवून ठेवलेला असे, तो एकट्याने ऐकायला गोड लागे. पण किक ड्रमच्या शेजारी तो नुसता धूसर गडगडाट होई आणि सूर कोणता हेच कळेनासे होई. मधल्या सुरांचा आवाज थोडा वर आणून खर्ज थोडा कमी केला की एकट्याने ऐकताना आवाज कडक वाटतो, पण समूहात तोच नीट उमटतो. खोलीही आपले म्हणणे मांडते. ४१ कंपनांच्या सुराची तरंगलांबी आठ मीटरहून जास्त असते, त्यामुळे बंद सभागृहात भिंतींवरून परतलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींत भर घालतात आणि काही ठिकाणी एकमेकींना खोडून काढतात. मी उभी असते तिथे एखादा सूर अजिबात ऐकू येत नसेल, तरी तो चार पावलांवर घुमत असू शकतो. अशा वेळी जोर वाढवायचा मोह होतो. मी आता त्याऐवजी वादनापूर्वी सभागृहात फिरून ऐकते, आणि घुमणाऱ्या सभागृहात सगळ्याच सुरांची लांबी थोडी कमी करते. तेवढ्याने जे साधते ते कोणत्याही बटणाने साधत नाही. पट्ट्याची लांबी बसून आणि उभे राहून वाद्य एकाच उंचीवर राहील अशी ठेवणे आणि कानांत संरक्षक बोळे घालणे, या दोन गोष्टी मी पहिल्या कार्यक्रमापासून पाळत आले आहे.

सध्या मी पाच तारांचा बेस वाजवायला घेतला आहे. त्याची सर्वांत खालची बी तार सेकंदाला जेमतेम ३१ कंपनांची असते आणि ती आपणहून घुमायला सदैव तयार असते. चार तारांवर बसलेली अंगठ्याची सगळी ठेवण त्यामुळे एका तारेने वाढवावी लागते: जी वाजवताना अंगठा बी, ई आणि ए या तीन तारांवर एकदम आडवा पडला पाहिजे, आणि तरीही बोटांना मोकळेपणा राहिला पाहिजे. ई तारेवर दीर्घ सूर धरला की बी तार हटकून जागी होते. म्हणून मेट्रोनोम पुन्हा ६० वर लावला आहे, आणि पहिल्या मात्रेवर एक सूर, दुसरी मात्रा कोरी, हा पाठ नव्याने सुरू केला आहे. मागचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा ई तारेवरचे शेवट जवळपास रेषेत आलेले दिसले. ए तारेवरून खाली उतरताना बी अजून थोडी मागे घुमत राहते आहे.